शेरू आणि माझे नाक

ताईच्या घरी शेरू नावाचा कुत्रा आहे आणि त्याचा माझ्यावर फार जीव आहे. मी त्याला कधीही काही दिलेले नसताना तो माझ्यासाठी दारात लोळण घेतो, आणि या निरपेक्ष प्रेमाला मी आजवर केवळ शिंकांनीच उत्तर देत आलो आहे. पहिली दहा मिनिटे बरी जातात. मग टाळूच्या मागे, जिथे बोटही पोहोचत नाही आणि जीभही, अशा अडचणीच्या जागी खाज सुटते आणि पाठोपाठ शिंकांची माळ लागते. भावोजी त्या मोठ्याने मोजतात. माझा विक्रम सतराचा आहे. अठरावी शिंक मी उंबऱ्याबाहेर जाऊन दिली होती, म्हणून ती ते धरत नाहीत.

“तो काही करत नाही रे,” असे ताई दर वेळी सांगते. ते अगदी खरे आहे. तो काही करत नाही, नुसता असतो, आणि माझ्या नाकाला तेवढे पुरते.

ताईचा सगळा संशय केसांवर होता, म्हणून तिने एकदा माझ्याखातर शेरूचे केस पार भादरून टाकले. त्या दिवशी तो ओळखू आला नाही, पण माझ्या नाकाने त्याला बरोबर ओळखले. दोष केसांचा नसतोच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिने असतात, त्यांतले मुख्य ‘कॅन एफ १’. कुत्रा स्वतःला चाटतो, लाळ वाळते, कोंडा झडतो आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. कपड्यांना चिकटून ते कधीही कुत्रा न पाळलेल्या घरांतही पोहोचतात. ॲलर्जी न होणाऱ्या जातीचा कुत्रा आणायला हवा होता, असे भावोजींचे मत होते. मात्र २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा नावाजलेल्या जातींच्या केसांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत हे प्रथिन इतरांपेक्षा जास्तच निघाले. हे सांगितल्यावर भावोजींनी विषय बदलला.

शेवटी मी चाचणी करून घेतली. त्याआधी काही दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, आणि ते दिवस मी कसे काढले ते माझ्या रुमालांना ठाऊक. डॉक्टरांनी माझ्या हातावर पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब ठेवला, त्यातून सुईने हलकेच टोचले आणि पंधरा मिनिटे न खाजवता बसायला सांगितले. आयुष्यात मी पुष्कळ संयम पाळला आहे, पण स्वतःच्या हातावर गांध उठताना नुसते पाहत बसण्याइतका कधी नाही. तीन मिलिमीटरच्या पुढची गांध खरी मानतात, माझी मोजून झाल्यावर डॉक्टरांनी पट्टी पुसून ठेवली आणि म्हणाले, “नुसती गांध उठली म्हणजे आजार असतोच असे नाही, कुत्र्याजवळ गेल्यावर त्रास होतो का, ते महत्त्वाचे.” मी त्यांना सतराचा आकडा सांगितला.

मध्यंतरी एक आशा निर्माण झाली होती. ‘कॅन एफ ५’ नावाचे प्रथिन फक्त नर कुत्र्यांत तयार होते आणि काही लोकांना तेवढ्याचाच त्रास असतो. अशांना कुत्री सोसू शकते. “मग शेरूच्या जोडीला एक कुत्री आणू, तू आलास की तिच्याशी खेळ,” असे ताई उत्साहाने म्हणाली. रक्ततपासणीत ‘कॅन एफ १’ निघाले. माझे नाक स्त्री-पुरुष समानता मानणारे आहे.

उपाय आहेत, फक्त ते नेमाने करावे लागतात. नाकात मारायचा स्प्रे मी ताईच्या जिन्यात उभा राहून अत्तरासारखा मारत असे. त्याचा पुरता गुण यायला काही दिवस रोज मारावा लागतो, हे मला दोन वर्षांनी कळले. छातीत घरघर होऊ लागली तर मात्र शिंका मोजत न बसता डॉक्टरांकडे जावे, असे मला बजावलेले आहे आणि त्या बाबतीत मी विनोद करत नाही. शरीराला हळूहळू सवय लावणारी इंजेक्शने असतात, पण तो कोर्स तीन ते पाच वर्षांचा. शेरू नऊ वर्षांचा आहे. हा हिशेब मी ताईसमोर मांडलेला नाही.

तिने तिच्या परीने पुष्कळ केले. झोपायच्या खोलीत शेरूला बंदी झाली, गालिचा गेला, हवा गाळणारे यंत्र आले. शिवाय अंघोळीने कुत्र्याच्या अंगावरचे प्रथिन घटते, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा पूर्ववत होते, असे तिने कुठेसे वाचले. तेव्हापासून मी येणार म्हटले की त्याच सकाळी शेरूला साबण लावून न्हाऊ घातले जाते. गेल्या महिन्यात माझ्या शिंका चारवर आल्या. भावोजींना मोजण्यात पूर्वीची मजा वाटेनाशी झाली आहे.

काल मी ताईला फोन केला, “रविवारी येतो गं.” तिने तो स्पीकरवर ठेवला होता. पलीकडे काहीतरी धडपडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ भावोजींचा, “अरे, बाहेर ये, आज शुक्रवार आहे!” शेरू पलंगाखाली जाऊन बसला होता.