आज्यांना कुठे डिप्रेशन आलं होतं म्हणे!

मेसेज आधी बचत गटाच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, मग भिशीच्या. "पूर्वी बायकांची चार-चार लेकरं जायची, तरी दुसऱ्या दिवशी शेतावर. आता पोटातलं दोन महिन्यांचं गेलं तरी डिप्रेशन! नीट काळजी घ्यायची आणि लगेच दुसरं राहू द्यायचं, सगळं विसरतं." खाली हात जोडलेले.

आधी त्या पूर्वीच्या बायका. माझ्या आजीचं एक पोटातच गेलं. पलूसकडच्या शेतात, बांधावरच्या रामफळीखाली पुरलं. त्या झाडाचं फळ आजीनं कधी तोंडात घातलं नाही. आम्हाला वाटायचं, तिला रामफळ आवडत नाही. दुसऱ्या दिवशी शेतावर गेलीही असेल. घरी बसू कोण देत होतं?

'दोन महिन्यांचं' म्हणजे किरकोळ, हेही खोटं. लंडनच्या रुग्णालयांतल्या बायकांचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ गेलेल्या बायका होत्या त्यात. महिन्याभरानं 29 टक्के जणींत आघातानंतरच्या मानसिक ताणाची लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही 18 टक्के जणींत.

'काळजी घ्यायची' हा शब्द मला सगळ्यात लागला. गर्भ राहिल्याचं कळल्यावरही शंभरातल्या दहा-पंधरा जणींचा जातो. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा बिघाड असतो, तो गर्भ राहतानाच झालेला. तरी घरात चौकशी सुरू होते: जिना किती वेळा चढलीस, स्कूटी कशाला घेतलीस? बाई स्वतःही रात्रभर तेच उगाळत बसते.

आता 'विसरतं'. माझं पाचव्या महिन्यात गेलं. सांगलीतल्याच एका दवाखान्यात मला बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. वार, म्हणजे बाळामागून पडणारी नाळेची जाळी, पडली की बाळंतपण झालं एवढंच अंगाला कळतं, बाळ आहे की नाही ते कळत नाही. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं आणि माझा ब्लाउज भिजला. जाऊबाईंनी काही न बोलता ओढणीची घडी करून दिली. तेवढंच बरं वाटलं.

दुसरं कधी, ते नवरा-बायकोनं डॉक्टरांशी बोलून ठरवावं. राहिलं तरी भीती जात नाही. माझ्या मुलीच्या वेळी मी दर वेळी बाथरूमला गेले की आधी डाग बघायची. पंधरा दिवस उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि शेतावर जाण्याचं एवढं कौतुक आहे म्हणून सांगते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, पण ती नोकरीवालीला. तासगावकडे द्राक्षाच्या डिपिंगला, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायला, रोजावर जाणारी आजही चौथ्या दिवशी मांडवाखाली हात वर करून उभी असते. तिला काही वाटत नाही म्हणून नव्हे, हजेरी बुडते म्हणून.