‘आठ महिने वाया गेले’ या अभिप्रायास उत्तर

नमस्कार ताई,

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला. वय ३६, एएमएच (बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.९ आणि गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या असताना आम्ही तीन वेळा आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणे) करून आठ महिने घालवले, यजमानांचा दोन वर्षांपूर्वीचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट चालवून घेतला, यशाची टक्केवारी विचारली तर टाळाटाळ केली आणि आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराच्या) पॅकेजमध्ये इंजेक्शने धरलेली नाहीत हे दुसऱ्या दिवशी कळले, अशा आपल्या तक्रारी आहेत. रुग्णाची माहिती चारचौघांत उघड करण्याची मला मुभा नाही. त्यामुळे आपण स्वतः जेवढे लिहिले आहे तेवढ्यापुरतेच हे उत्तर आहे.

एएमएच कमी आले की थेट आयव्हीएफ, असा समज बराच पसरला आहे आणि तो पसरवण्यात आमच्या व्यवसायाचाही हात आहे. बीजांडकोशात साठा साधारण किती उरला आहे आणि इंजेक्शने दिल्यावर किती बीजांडे हाती लागतील, याचा अंदाज त्या तपासणीतून येतो. या महिन्यात तयार होणारे एक बीजांड चांगले आहे की नाही, हे ती सांगत नाही. ते मुख्यतः वयावर ठरते. म्हणून पाळी नियमित आणि नळ्या मोकळ्या असतील, तर बीजांड तयार होण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या, फॉलिकल स्टडी (बीजांडाची वाढ सोनोग्राफीने पाहणे) आणि आययूआय ही पायरी आधी चढून पाहणे चुकीचे नाही, आणि तिचा खर्च आयव्हीएफच्या तुलनेत फारच कमी असतो. तो सल्ला मी आजही देईन.

तो कुठे थांबवायचा, हे मात्र आम्ही आपल्याला पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर वर्षभर वाट न पाहता तपासणीला या, असे आम्हीच सांगतो, कारण या वयात महिन्यांना किंमत असते. मग उपचार सुरू झाल्यावर तोच हिशेब आम्ही विसरलो, ही आपली तक्रार रास्त आहे. दुसऱ्या आययूआयनंतर आपल्याला समोर बसवून पुढचे बोलायला हवे होते. त्याऐवजी ‘पाळी आली की दुसऱ्या दिवशी या’ एवढेच काउंटरवरून सांगितले गेले.

रिपोर्टच्या बाबतीत तर बचाव करण्यासारखे काहीच नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मध्ये मोठा ताप येऊन गेला, एखादे औषध सुरू झाले, तरी चित्र बदलू शकते. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर विसंबून बायकोला गोळ्या सुरू करणे ही चूक होती, आणि ती जुनी, सर्वत्र आढळणारी चूक आहे: तपासण्या बाईच्या आधी होतात, नवऱ्याची बारी शेवटी येते. नव्या तपासणीचा निकाल आपण लिहिला असला तरी तो येथे मी पुन्हा लिहीत नाही. यापुढे तीन महिन्यांपेक्षा जुना रिपोर्ट आणणाऱ्या जोडप्याची तपासणी नव्याने केल्याशिवाय आमच्याकडे पहिली सायकल (उपचाराची एका पाळीची फेरी) सुरू होणार नाही.

टक्केवारीचे म्हणाल, तर तिथे मी थोडा अडून बसतो, हे खरे. चाचणी पॉझिटिव्ह येणे आणि बाळ घरी येणे हे दोन निराळे आकडे आहेत. फलकावर बहुधा पहिला लावला जातो, आणि तिशीच्या आतल्या स्त्रियांचा आकडा चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या स्त्रीला दाखवला जातो. तरीही आपल्या वयाच्या स्त्रियांसाठी अंदाज सांगणे शक्य होते. आययूआयच्या एका सायकलमध्ये दिवस राहण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास, आणि पस्तिशीनंतर त्याहूनही कमी धरावी, एवढे तरी मी तेव्हा बोलायला हवे होते.

खर्चाचा तो कागद मी काढून पाहिला. वर छापील रक्कम ठळक आहे आणि तळाशी शिक्क्याच्या कडेला पेनने ‘औषधे वेगळी’ असे लिहिले आहे, तेही अर्धे शिक्क्याखाली गेलेले. इंजेक्शनांचा डोस प्रत्येकीचा वेगळा असल्यामुळे नेमका आकडा आधी देता येत नाही. पण किमान आणि कमाल रक्कम, तसेच गर्भ गोठवून ठेवण्याचा वार्षिक खर्च, छापून देता येतो. या आठवड्यापासून तसा कागद दिला जात आहे.

तिसऱ्या आययूआयचे शुल्क परत करण्याची सूचना मी लेखा विभागाला दिली आहे. त्यासाठी हा अभिप्राय काढावा, अशी अट नाही. आपण आता दुसरीकडे उपचार घेत आहात, तेव्हा नळ्यांच्या तपासणीची फिल्म आणि सर्व सायकलींच्या नोंदींची प्रत आमच्याकडून अवश्य घेऊन जावी. कोणताही आकार लागणार नाही. ती फिल्म तिथल्या डॉक्टरांना दाखवलीत तर तीच वेदनादायक तपासणी पुन्हा करण्याची गरज बहुधा पडणार नाही.