येळवशीची आंबील आणि पोटातली बुरशी

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली होती. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आणि नव्या मडक्यातली आंबील. वहिनींनी आंबिलीचा पेला हातात घेतला आणि तसाच माझ्याकडं सरकवला. "नको भाऊजी, मला बंद हाय. पोटात बुरशी झालीय." पानात बघितलं तर उकडलेला भोपळा आणि एक वाटी मूग. पाच आठवडे त्या हेच खात होत्या. गळ्यातली काळी पोत सैल लोंबत होती.

हे सगळं मोबाइलवरच्या एका संदेशानं केलं होतं. आमच्या भावकीच्या गटात तो तीनदा आलाय, तुमच्याकडंही आला असेल. थोडक्यात तो असा: सकाळी उठल्याउठल्या काचेच्या ग्लासातल्या पाण्यात थुंका. लाळेचे धागे खाली लोंबले, नाहीतर जिभेवर पांढरा थर दिसला, तर शरीरात कॅन्डिडा नावाची बुरशी माजलीय. थकवा, पोट फुगणं, विसरभोळेपणा, गजकर्ण सगळं तिच्यामुळंच. 90 दिवस साखर, गूळ, फळं, भाकरी, दही-ताक आणि आंबवलेलं सगळं बंद करा, बुरशी उपाशी मरेल. मरताना डोकं दुखेल, घाबरू नका. खाली पावडरीची किंमत आणि फोन नंबर.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका लहान लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी थुंकीचं बघू. कॅन्डिडाची एक पेशी साधारण 5 मायक्रॉनची असते, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर दोनशेएक पेशी बसतील. ग्लासात दिसतात ते लाळेतल्या चिकट प्रथिनांचे धागे. रात्री तोंड उघडं ठेवून झोपलात, पाणी कमी प्यालात की लाळ घट्ट होते आणि लोंबते. तिच्यात हवेचे बुडबुडे असले की ती तरंगते. आमच्या लॅबमधल्या चौघांनी एका सकाळी गंमत म्हणून थुंकून पाहिलं. तिघांचे धागे लोंबले. चौथा दारातच तांब्याभर पाणी पिऊन आला होता. आणि खरं तर कॅन्डिडा सापडली तरी त्यावरून आजार ठरत नाही. कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती एरवीही मुक्कामाला असते. जिभेवरच्या पांढऱ्या थराचंही तेच. तो बहुतेक वेळा कोरड्या तोंडाचा, नाहीतर तंबाखूचा असतो.

आता "साखर बंद केली की बुरशी उपाशी मरते." ऐकायला पटतं, कारण भाकरीवर बुरशी आलेली आपण सगळ्यांनी पाहिलीय. पण पोट म्हणजे भाकरीची दुरडी नव्हे. खाल्लेली साखर लहान आतड्यातच रक्तात शोषली जाते, मोठ्या आतड्यापर्यंत फार थोडी पोचते. आणि तुम्ही गूळ सोडला म्हणून रक्तातली साखर संपत नाही. उपाशीपोटीही यकृत ती तयार करत राहतं, म्हणून तर एकादशीला कोणी चक्कर येऊन पडत नाही. जर्मनीत 28 निरोगी माणसांना मुद्दाम जास्त साखर खायला घालून तपासलं होतं. 1999 साली ते छापून आलं. त्यांच्या कॅन्डिडात फारसा फरक पडला नव्हता.

ही कल्पना आपल्याकडची नाहीच. 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एक-दोन डॉक्टरांनी ती मांडली आणि पुढच्या दहा वर्षांत ती तिथं घरोघरी पोचली. 1986 सालीच तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनं तिला पुरावा नसल्याचं जाहीर केलं. 1990 साली अलाबामातल्या डॉक्टरांनी असा त्रास सांगणाऱ्या 42 बायकांवर प्रयोग केला. काही काळ निस्टॅटिन हे बुरशीचं औषध, काही काळ तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि कोणती कधी हे ना बायकांना माहीत ना डॉक्टरांना. योनीमार्गाची खाज औषधानं कमी झाली. थकवा आणि उदासी मात्र दोन्ही गोळ्यांनी सारखीच हलली. म्हणजे खुद्द बुरशी मारणाऱ्या औषधानं जो थकवा जाईना, तो भोपळ्यानं जाणार. तिकडं निकाल लागून इतकी वर्षं झाली, संदेश आमच्या भावकीत आत्ता पोचलाय.

आंबवलेल्याचं प्रकरण तर मला वैयक्तिक लागलं. पावाचं यीस्ट वेगळं, कॅन्डिडा वेगळी. ज्वारीच्या भाकरीत यीस्ट घालतं कोण? आपली भाकर थापली की तव्यावर जाते. ताक आणि आंबील आंबतं ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंमुळं. त्यानं कॅन्डिडा वाढते असं मानायला कारण नाही.

"डोकं दुखलं म्हणजे बुरशी मरतेय" हा या संदेशातला सगळ्यात लबाड मुद्दा. बरं वाटलं तरी उपाय लागू, वाईट वाटलं तरी लागू! भाकर आणि चहा एकदम तोडले की डोकं दुखणारच. वहिनींना जिना चढताना धाप लागत होती, तीही त्यांनी बुरशीच्या खात्यावर मांडली होती.

गजकर्णाची बुरशी तर जातीनंच वेगळी. ती कातडी, केस, नखं यांतलं केराटिन खाते, तुमच्या चहातल्या साखरेकडं ती ढुंकून बघत नाही. आम्ही कडेचा कोंडा खरवडून पोटॅशच्या थेंबात ठेवतो, तेव्हा तिचे फांद्या फुटलेले धागे स्पष्ट दिसतात. ती पसरते ती घाम, घट्ट जीन्स आणि घरभर एकच टॉवेल यांमुळं. आणि मेडिकलमधून विचारून आणलेल्या मिश्र ट्यूबमुळं. त्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आतून पसरत राहतो. याला कातडीच्या डॉक्टरांचं औषध आठवडे न् आठवडे घ्यावं लागतं, घरात ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांनी.

संदेशात खरं काहीच नाही असं मात्र म्हणणार नाही. कॅन्डिडाचा आजार असतो. बाळाच्या तोंडात दह्यासारखे डाग येतात, पुसले की खाली लाल दिसतं. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांनाही तो होतो. बायकांना अँटिबायोटिकनंतर खाज आणि घट्ट पांढरं जाणं होतं. आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात ती गेली तर जिवावर बेतते. यांवर क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल अशी ठरलेली औषधं आहेत. आणि खाज पुन्हा पुन्हा येत असेल तर शुगर तपासा, कारण मधुमेह ताब्यात नसला की ही बुरशी खरंच माजते. तिथं गोड कमी करण्याला अर्थ आहे, पण सोबत गोळ्याही लागतात. 2021 साली काळ्या बुरशीनं आपल्याकडं जी दहशत बसवली ती म्युकरची, कॅन्डिडाची नव्हे. पण तिथंही वाढलेली शुगर होतीच. बुरशी म्हटलं की आपली माणसं अजून दचकतात, संदेशवाल्यांना ते बरोबर कळलंय.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींना लॅबवर बोलावलं. शुगर ठीक होती. हिमोग्लोबिन 7.6, बाईमाणसाला किमान 12 पाहिजे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. थकव्याचं कारण शोधायचं तर आधी तिथं बघायचं. डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं, पाळी दोन वर्षांपासून आठ-आठ दिवस जात होती. ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, साधी.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे मी गोळ्यांच्या पाकिटावर लिहून दिलंय. परवा फोन केला तर म्हणाल्या, "भाकर खायलेय भाऊजी. पण त्या पावडरीचे पैसे वापस मागायचे कसे, ते सांगा."