खुलासा : ओल्या चिऱ्याच्या भिंतीवर ऑइल पेंट नको

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरू लागतो: 'भिंतीला ओल आली? आतून ऑइल पेंटचे दोन हात मारा, ओल कायमची बंद.' हे चूक आहे. गोव्यातली बरीच जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र, पावसाचं, जमिनीतलं पाणी शोषतो. आतून ऑइल पेंट लावला की ते पाणी भिंतीतच अडकतं. मग रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, खाली पांढरे क्षार दिसतात.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा, दोनेक दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा, तिथे खिडक्या उघडणं पुरतं. भिंतीतून येत असेल तर फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, जोत्याला टेकलेली माती बघा. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो, आणि तो रंगाऱ्याचा नसतो!

रंग पावसाळा सरून भिंत सुकल्यावरच. चवथीला घाईच असेल तर साधा चुना मारा, त्यातून भिंत वाळत राहते.