ज्यूंना प्लेग झालाच नव्हता? साफ खोटं!

आठवीतल्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहितोय. मजकूर असा: मध्ययुगात युरोपातले लोक अंघोळ करत नसत, मैला खिडकीतून फेकत, पोपने मांजरं मारायला लावली, त्यामुळे १३४८ चा प्लेग आला. ज्यू हात धूत असल्याने वाचले. आणि रोज अंघोळ करणाऱ्या आपल्याला अशा साथींची भीती नाही.

अंघोळीचं म्हणाल तर पॅरिसमध्ये १२९२ च्या करनोंदीतच वीसहून जास्त सार्वजनिक न्हाणीघरांचे चालक सापडतात. मांजरांचं सोडूनच द्या. ज्या पोपचं नाव घेतलं जातं, त्या नवव्या ग्रेगरीच्या १२३३ च्या पत्रात तसा हुकूमच नाही. घाणीबद्दल मात्र थोडं खरं आहे. लंडनचे रस्ते घाण आहेत, अशी तक्रार इंग्लंडच्या राजाने, तिसऱ्या एडवर्डने, १३४९ मध्ये महापौरांकडे केली होती. पण त्याच शहरात शौचखड्डे रात्री उपसणारे पगारी लोक होते आणि शहराबाहेरच्या टायबर्नच्या झऱ्यांचं पाणी तेराव्या शतकातच नळांनी आणलेलं होतं.

ज्यूंबद्दलचं वाक्य मात्र नुसतं चुकीचं नाही, घातक आहे. ‘ते मरत नाहीत, म्हणजे विहिरींत विष त्यांनीच कालवलं’ या आरोपावर तेव्हा त्यांची कत्तल झाली. आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ ला शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, तेही प्लेग शहरात पोहोचण्याआधी! खुद्द सहाव्या क्लेमेंट पोपने १३४८ च्या फर्मानात स्पष्ट लिहिलं की हीच साथ ज्यूंनाही मारते आहे, आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथल्या लोकांनाही. समकालीन, तोही ख्रिस्ती धर्मप्रमुखाचा पुरावा. यापुढे कसला वाद घालायचा? मारेकऱ्यांची थाप आपण स्वच्छतेचं कौतुक म्हणून पुढे ढकलतोय.

अंघोळीने प्लेग टळत असता तर गल्लोगल्ली हमाम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरं, असलेलं सीरियातलं दमास्कस वाचलं असतं. १३४८ मध्ये तिथली साथ प्रवासी इब्न बतूताने स्वतः पाहिली. हा रोग जिवाणूचा. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात, आणि फुप्फुसात गेला की खोकल्यातूनही लागतो.

आणि ‘आपल्याला भीती नाही’? १८९७ मध्ये पुण्यात काय झालं ते विसरलात? प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. त्यांना अंघोळीचा धडा देणार आहात का?