तुमच्यात रस्ता पडलाय

आमच्या अण्णांच्या नावावर वडिलोपार्जित साडेतेरा गुंठे आहेत. गुंठ्याला 1089 चौरस फूट धरले तर हा आकडा चौदा हजार सातशेच्या वर जातो. स्वतः दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारा मी हा हिशेब मनातल्या मनात अनेकदा केलेला आहे. निवृत्तीनंतर तिथे छोटं घर बांधायचं, पुढे ओटा, मागे परसू, एवढीच इच्छा. मधल्या काळात गाव शहराच्या हद्दीत आलं आणि विकास आराखडा मंजूर झाला. तेव्हापासून गावात ज्वारीच्या भावापेक्षा रंगांची चर्चा जास्त.

आराखड्याच्या नकाशातले रंग असे. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा शेती, निळा व्यापारी, जांभळा कारखाने. डोळ्यांना दिसतं त्याच्याशी यांचा काही संबंध नाही. आमच्याकडे यलो झोनमध्ये हिरवीगार मेथी आहे आणि ग्रीन झोनमध्ये नुसता मुरूम. तिथली बाभळसुद्धा पिवळी पडलेली.

आमची जमीन कुठल्या रंगात, हे एजंटला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, यलो टच आहे." हा 'टच' शब्द समजायला मला महिना लागला. रिंग रोड टच, एनए (म्हणजे बिगरशेती) टच, यलो टच. म्हणजे ती वस्तू तुमच्याकडे नाही, पण शेजाऱ्याकडे आहे. या हिशेबाने मीही श्रीमंत टच आहे. आमच्या मजल्यावर एक सराफ राहतात.

शेवटी सातबारा, गट नकाशा आणि अर्ज घेऊन झोन दाखला काढायला गेलो. पहिल्या खेपेला सातबारा जुना निघाला. दुसऱ्या खेपेला ज्यांच्याकडे नकाशा होता ते साहेब साइटवर होते. तिसऱ्या खेपेला नकाशा आणि साहेब एकाच खोलीत सापडले.

नकाशा टेबलाएवढा. प्रमाण एकास चार हजार, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, गट नंबर शोधला आणि त्यावर करंगळी टेकवली. आमचं अख्खं शेत, विहिरीसकट, त्या नखाखाली गेलं. आजोबांनी ज्या बांधासाठी भावकीशी अकरा वर्षं अबोला धरला, तो बांध नखाच्या कडेला लागलेल्या शाईपेक्षाही बारीक होता.

"तुमच्यात रस्ता पडलाय," साहेब म्हणाले.

पाऊस पडतो, गारा पडतात, दरोडा पडतो. त्याच चालीवर जमिनीवर सार्वजनिक कामासाठीचं आरक्षणही पडतं. शेजारच्या काकांच्यात प्राथमिक शाळा पडली होती, पलीकडच्यांच्यात खेळाचं मैदान. त्या मानाने आम्ही सुटलो, असं साहेबांच्या आवाजावरून वाटलं. अठरा मीटरचा डीपी रोड, बरोबर मधोमध. रस्त्याच्या अलीकडे थोडा पिवळा, पलीकडे थोडा हिरवा. भाकरीचे दोन तुकडे करावेत आणि मधला भाग करणाऱ्यानेच खावा, तसं.

(डीपी म्हणजे विकास आराखडा. डीपी रोड हेही एक प्रकरणच. पुण्यात औंधलाही डीपी रोड आहे आणि कोथरूडलाही. आराखड्यात होता तोवर ते त्याचं वर्णन होतं. झाल्यावर तेच नाव पडलं. मोठे झाल्यावरही 'बाळ' म्हणून राहिलेल्या काकांसारखं.)

"मग आमची जमीन जाणार?"

"मोबदला मिळतो की. रोख, नाहीतर टीडीआर."

टीडीआर म्हणजे काय, हे मी घरी येऊन अण्णांना समजावलं. जमीन द्यायची आणि तिच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क घ्यायचा. तो विकताही येतो. अण्णांनी शांतपणे सुपारी कातरली. "म्हणजे जमीन देऊन हवा घ्यायची," ते म्हणाले. एवढी सुटसुटीत व्याख्या सरकारी नियमावलीत नाही, मी बघितलंय.

बांधकामाची ही नियमावली मात्र मी खरंच वाचली. मुंबई वगैरे सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना 2020 च्या डिसेंबरपासून एकच लागू झाली. ती वाचून एवढं कळलं, की घर पिवळ्यात आहे एवढ्याने भागत नाही. समोरचा रस्ता किती रुंद, यावर घराची उंचीही ठरते आणि खाली दुकान चालतं की नाही तेही. म्हणजे जो रस्ता माझं शेत खाणार, तोच उरलेल्या घराला उंची देणार. जावयासारखाच की हा.

नगररचनेचा मूळ कायदा 1966 चा. त्यातलं 127 वं कलम मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपलं असं धरतात.

"म्हणजे दहा आणि दोन, बारा," अण्णा म्हणाले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

दाखला हातात आला तो असा: 'अंशतः रहिवास, अंशतः शेती, अंशतः 18 मीटर रस्ता'. नेमकं किती अंशतः, ते मोजणीनंतर कळेल. मोजणीचा अर्ज भरलाय, तारीख यायची आहे.

परवा गावी गेलो तर अण्णा खड्डा खणून घेत होते. शेजारी केशरचं कलम. मी पावलं टाकून अंदाज घेतला आणि म्हणालो, "अण्णा, हे बरोबर रस्त्याच्या मधोमध येतंय."

"कलम आहे. चार-पाच वर्षांत धरेल," त्यांनी मातीत शेणखत मिसळत सांगितलं. "रस्ता आलाच, तर सावलीला बरं."