ललिता बाबर, यवतेश्वरचा उतार आणि जिन्याची पायरी

दादा, पळणाऱ्यानं आठवड्याला दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि एक दिवस वेगाचा सराव करावा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पळणाऱ्यानं पळावं, बाकीचं शहरी जिमचं खूळ आहे, आपल्या माण तालुक्यातल्या धावपटू ललिता बाबरनं कुठे वजनं उचलली होती, आणि अशा व्यायामानं अंग जड होतं ते वेगळंच, असं तुम्ही लिहिलंय.

ललिताचंच घेऊ. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत ती पहिली आली. तरी पुढे तिनं स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत धरली. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. बायकांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटीमीटर, आणि पाय लागला तरी तो पडत नाही. दमलेल्या पायांनी त्यावरून जायचं, एका पायावर उतरायचं, लगेच वेग पकडायचा. २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. नुसते किलोमीटर मोजून असे पाय तयार होत नाहीत, हे मी ठामपणे म्हणतो.

वेगाचं म्हणाल तर चेकोस्लोव्हाकियाचा लांब पल्ल्याचा धावपटू एमिल झाटोपेक सरावात ४०० मीटरचे तुकडे पुन्हा पुन्हा पळायचा. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५००० आणि १०,००० मीटर जिंकून त्यानं आयुष्यातली पहिली मॅरेथॉनही जिंकली.

आता तुमचा साताऱ्याचा अनुभव. यवतेश्वरचा घाट चढताना त्रास नाही, उतरताना मात्र मांड्या भरून आल्या, असं तुम्हीच म्हणताय. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, आणि ते प्रत्येक पावलाला. सपाटीवर कितीही पळा, त्याला ही सवय लागत नाही. पायरीवरून एका पायानं सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम लेखात त्यासाठीच सांगितला होता. त्याला जिम लागत नाही. आणि पळणं चालू ठेवून आठवड्यातून दोनदा असे व्यायाम केल्यानं कुणाचं अंग जड होत नाही.

एक मात्र तुमचं बरोबर. नवख्यानं पहिले काही महिने फक्त नियमित, आरामात पळावं. हे मी लेखात लिहायला हवं होतं, आज घालतो.

तुम्ही मात्र नवखे नाही. आधी तुमच्या पोटरीची ताकद बघू. उद्या जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा टेका, भिंतीला बोट लावा आणि टाच पूर्ण वर, मग पायरीच्या खाली, अशी सावकाश हलवा. पोटरी थरथरायला लागली की थांबा. उजव्यानं किती झाले, डाव्यानं किती, ते इथेच कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.